शिपिंग बिल

शिपिंग बिल : भारतातून जहाजाने किंवा विमानाने परदेशी जाणाऱ्या मालाविषयी निर्यातदाराने सीमाशुल्क विभागाकडे सादर करायचे घोषणापत्र. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ५० नुसार ते बंधनकारक आहे. रस्त्याने नेपाळ-बांगलादेशाकडे जाणाऱ्या मालासाठी त्याऐवजी ‘बिल ऑफ एक्स्पोर्ट’ भरतात.

हल्ली ते सीमाशुल्क विभागाच्या ‘आइसगेट’ पोर्टलवरून भरले जाते. त्यात आयात-निर्यात संकेतांक (आयईसी, जीएसटी आल्यापासून हा पॅनच असतो), बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार पाहणाऱ्या अधिकृत शाखेचा क्रमांक), मालाचा आठ अंकी वर्गीकरण क्रमांक, बीजक, एफओबी किंमत (माल जहाजावर चढवेपर्यंतची किंमत) आणि कोणत्या योजनेचा लाभ हवा, हे सारे येते. भरण्याचे काम सहसा कस्टम ब्रोकर करतो. बाजारात त्याला अजूनही सीएचए (कस्टम हाउस एजंट) म्हणतात. त्याने पाठवलेली चेकलिस्ट, म्हणजे बिलाचा कच्चा मसुदा, न वाचता ‘ओके’ कळवणारे पुष्कळ, पण मजकुराच्या खरेपणाबद्दल कायदा निर्यातदारालाच जबाबदार धरतो. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

माल न्हावा-शेवासारख्या बंदरात पोचला की संगणकप्रणाली जोखीम पाहून तपासणी ठरवते. प्रत्येक कंटेनर उघडला जात नाही. अधिकाऱ्याचे समाधान झाल्यावर कलम ५१ खाली ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’ (एलईओ) मिळते. निर्यात शुल्काचा दर कलम १६ नुसार या आदेशाच्या दिवशी असेल तो लागतो. सौदा कधी ठरला याला महत्त्व नाही. बहुतेक मालावर निर्यात शुल्कच नसल्याने ही तरतूद एरवी कुणाच्या ध्यानीमनी नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर अचानक ४० टक्के शुल्क बसले, तेव्हा मात्र नाशिकच्या व्यापाऱ्यांसाठी एलईओची तारीख कळीची झाली. पुढे दर कमीजास्त झाला आणि १ एप्रिल २०२५ पासून हे शुल्क उठले.

एलईओवर काम संपत नाही. जहाज कंपनीने निर्यात मालाची यादी, म्हणजे ईजीएम, भरावी लागते. ज्याने आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) भरून माल पाठवला, त्याचे शिपिंग बिल हाच केंद्रीय जीएसटी नियम ९६ नुसार परताव्याचा अर्ज मानला जातो. वेगळा अर्ज नको, ही सोय चांगलीच. अडचण अशी की ईजीएममध्ये चूक राहिली किंवा बीजक क्रमांक जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात वेगळा पडला, तर परतावा अडकतो. दुसऱ्या प्रकारच्या विसंगतीला ‘एसबी००५’ हा त्रुटी संकेतांक लागतो आणि लेखापालांना तो तोंडपाठ असतो. हमीपत्र (एलयूटी) देऊन कर न भरता निर्यात करणाऱ्यांचा या परताव्याशी संबंध येत नाही. बँकेचा हिशेब मात्र सर्वांनाच लागू : शिपिंग बिलाची नोंद रिझर्व्ह बँकेच्या ‘ईडीपीएमएस’ प्रणालीत जाते आणि परदेशातून आलेली रक्कम तिच्याशी जुळवेपर्यंत खुली राहते.

माल गेल्यानंतरही कलम १४९ खाली शिपिंग बिलात दुरुस्ती मागता येते, पण निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदपत्रांच्याच आधारे.