पार्श्वभूमी : विमानतळाचं भाडं कोण कोणाला देतं?

२०२५ च्या जुलैमध्ये रायनएअर या आयरिश विमान कंपनीनं फ्रान्समधल्या तीन विमानतळांना रामराम ठोकायचं जाहीर केलं. बेर्जराक, ब्रीव्ह आणि स्ट्रासबुर्ग. कारण सांगितलं ते कराचं. फ्रान्स सरकारनं मार्चपासून जवळच्या प्रवासाच्या तिकिटावरचा कर २.६३ युरोंवरून ७.४० युरोंवर नेला होता. हिवाळी वेळापत्रकातून फ्रान्सची साडेसात लाख आसनं आणि २५ मार्ग वगळले गेले. डेन्मार्कमधलं ऑलबोर्ग, स्पेनमधली हेरेस आणि वायादोलिद यांचा नंबर त्याआधीच लागून गेला होता. स्पेनमध्ये तक्रार कराची नव्हती, विमानतळांच्या शुल्काची होती. घोषणेचा सूर तोच.

स्ट्रासबुर्गकरांना याचं फार नवल वाटलं नसेल. याच कंपनीनं त्यांच्याकडून गाशा गुंडाळायची ही दुसरी वेळ. पहिली २००३ सालची, आणि त्या गोष्टीत पुढच्या सगळ्या भांडणांचं बी आहे. पण ती कळायला थोडं मागं जावं लागतं.

रायनएअरचं पहिलं विमान १९८५ साली आयर्लंडमधल्या वॉटरफर्डहून लंडनच्या गॅटविकला गेलं. पंधरा आसनांचं बांदेइरांते. आत जागा इतकी तोकडी की हवाई सुंदरीची उंची पाच फूट दोन इंचांपेक्षा कमी हवी, अशी अट होती. पुढच्या वर्षी कंपनीनं डब्लिन ते लंडन-लूटन मार्ग सुरू केला आणि जाऊन-येऊन शंभर पौंडांच्या आत भाडं लावलं. ब्रिटिश एअरवेज आणि एर लिंगस तेव्हा किमान २०९ पौंड घेत होत्या. लोक तुटून पडले, आणि तरीही कंपनी बुडत चालली. स्वस्त तिकीट विकणं सोपं असतं. ते विकून तगायचं कसं, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

संस्थापक टोनी रायन यांनी हिशेब बघायला आपल्या हाताखालचा मायकेल ओ'लिअरी नावाचा तरुण पाठवला. कंपनी बंद करा, असा त्याचा सल्ला होता म्हणतात. रायननी त्याला अमेरिकेत, डॅलसला, साउथवेस्ट एअरलाइन्सचा कारभार बघायला धाडलं. तिथून तो जे शिकून आला त्याचं मर्म एका आकड्यात आहे : २५ मिनिटं. विमान उतरल्यापासून प्रवासी उतरवून, नवे चढवून, पुन्हा निघेपर्यंत २५ मिनिटं. विमान जमिनीवर उभं असताना कमवत नाही. दिवसाला एक जादा फेरी मारता आली की तेच विमान, तेच वैमानिक, तोच हप्ता, आणि वर दीडशे-पावणेदोनशे तिकिटं.

हे लंडनच्या हीथ्रोसारख्या गजबजलेल्या विमानतळावर जमत नाही. तिथं उतरायला आकाशात घिरट्या, निघायला धावपट्टीच्या तोंडाशी रांग, एरोब्रिजचं, म्हणजे इमारतीतून थेट विमानात नेणाऱ्या पुलाचं, भाडं निराळं. छोट्या विमानतळावर यातलं काही नाही. जिना लावायचा, माणसं चालत विमानापर्यंत येतात, पुढच्या दारानं अर्धी आणि मागच्या दारानं अर्धी. म्हणून छोटी गावं. गावांवरच्या प्रेमाचा त्यात संबंध नाही.

योगायोग असा, की नेमक्या त्याच काळात युरोपात रिकाम्या धावपट्ट्यांचं उदंड पीक आलं होतं. शीतयुद्ध संपलं आणि लष्करी तळ ओस पडले. जर्मनीतलं हान हा अमेरिकी हवाई दलाचा तळ, स्वीडनमधलं स्काव्हस्टा तर तिथल्या हवाई दलाचं त्याआधीच बंद झालेलं ठाणं. लांबलचक धावपट्टी तयार, प्रवासी मात्र नाहीत. १९९७ च्या एप्रिलपासून युरोपीय संघातली कोणतीही कंपनी संघातल्या कोणत्याही दोन गावांमध्ये विमान चालवू शकेल, अशी मोकळीक झाली. त्याच साली रायनएअर पॅरिससाठी बोव्हेला, स्टॉकहोमसाठी स्काव्हस्टाला, ऑस्लोसाठी टोर्पला आणि ब्रुसेल्ससाठी शार्लरुआला उतरू लागली. बोव्हे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर, स्काव्हस्टा आणि टोर्प आपापल्या राजधान्यांपासून शंभरच्या आसपास. हान तर फ्रँकफुर्टपासून १२० किलोमीटर, आणि तिकिटावर नाव 'फ्रँकफुर्ट-हान'. मुंबईचं तिकीट काढावं आणि खंडाळ्याचा घाट चढून गेल्यावर 'आलं बरं का मुंबई' म्हणावं, तसला प्रकार. पण दहा-वीस युरोंचं तिकीट हातात असलं की माणूस बसमध्ये निमूट बसतो. जर्मनीत शिकायला गेलेल्या मराठी मुलांच्या गप्पांत ही पहाटेची बस असतेच.

आता विमानतळाच्या बाजूनं बघू. धावपट्टी, नियंत्रण कक्ष, अग्निशमन दल, सुरक्षा यांचा खर्च दिवसाला दोन विमानं आली काय आणि वीस आली काय, फारसा हलत नाही. त्यामुळे रिकाम्या विमानतळाला एकविसावं विमान नव्हे, तिसरं विमान कोण आणील याची काळजी. आणि प्रवासी आला की पार्किंग, कॉफी, भाड्याची गाडी, दुकानं हे सगळं मागोमाग येतं. जत्रेत मोठा पाळणा लागला की भेळवाला, फुगेवाला आपोआप येतात. म्हणून पाळणेवाला जागेच्या भाड्यावरून पंचकमिटीशी ताठ्यानं बोलतो. पुढे कंपनीची सूत्रं हाती घेतलेल्या ओ'लिअरीनं हा ताठा पहिल्या दिवसापासून अंगी बाणवला. विमान उद्या दुसरीकडे नेता येतं, धावपट्टी नेता येत नाही, एवढंच त्याचं भांडवल.

या सौद्याचा उत्तम नमुना म्हणजे शार्लरुआ. बेल्जियमच्या वालोनिया प्रांतातलं हे कोळशा-पोलादाचं गाव. खाणी बंद पडल्या, भट्ट्या विझल्या, बेकारी वाढली. विमानतळ प्रांतिक सरकारच्या मालकीचा, चालवणारी कंपनीही सरकारी वर्चस्वाची. २००१ साली रायनएअरनं तिथं बेस केला, म्हणजे विमानं आणि कर्मचारी मुक्कामाला ठेवले. त्या वर्षी जो करार झाला तो पुढे युरोपीय आयोगाच्या, म्हणजे सरकारी मदतीवर नजर ठेवणाऱ्या युरोपीय संघाच्या कार्यकारी यंत्रणेच्या, टेबलावर गेला, म्हणून त्यातली कलमं आज जगाला माहीत आहेत. लँडिंग चार्ज चढणाऱ्या प्रवाशामागे १ युरो, म्हणजे जाहीर दराच्या साधारण निम्मा. ग्राउंड हँडलिंग, म्हणजे सामान चढवणं-उतरवणं, चेक-इन वगैरे, तेही प्रवाशामागे १ युरो. इतर कंपन्यांना याच कामाचे ८ ते १३ युरो पडत. नवीन मार्ग सुरू करायला प्रत्येकी १ लाख ६० हजार युरो, असे १२ मार्ग. वैमानिकांच्या प्रशिक्षणाला ७ लाख ६८ हजार. कर्मचाऱ्यांच्या हॉटेलांना अडीच लाख. आणि जाहिरातीसाठी प्रवाशामागे ४ युरो. मुदत १५ वर्षं.

पुन्हा वाचा. घ्यायचे दोन, द्यायचे चार. विमानतळानं जगायचं ते तिकिटातून येणाऱ्या प्रवासी शुल्कावर आणि पार्किंग-दुकानांवर. बदल्यात रायनएअरनं दोन ते चार विमानं तिथं ठेवायची आणि दर विमानामागे दिवसाला किमान तीन फेऱ्या मारायच्या. भाडेकरूनं घरमालकाकडून राहायचे पैसे घ्यावेत, असं हे कागदावर दिसतं. तसं ते होतंही. पण २००३ पर्यंत शार्लरुआची वर्षाची प्रवासीसंख्या १८ लाखांवर गेली होती, हेही त्याच कागदावर धरायला हवं.

फेब्रुवारी २००४ मध्ये आयोगानं निकाल दिला. सवलतींचा काही भाग ही बेकायदा सरकारी मदत आहे, सुमारे ४० लाख युरो परत करा. कसोटी साधी होती : याच जागी एखादा खासगी मालक असता, तर नफ्याकडे बघून त्यानं हा सौदा केला असता का? रायनएअर न्यायालयात गेली आणि डिसेंबर २००८ मध्ये जिंकली. प्रांतिक सरकार आणि विमानतळ कंपनी ही एकच व्यावसायिक संस्था धरून आयोगानं कसोटी लावायला हवी होती, ती लावलीच नाही, म्हणून निर्णय रद्द. २०१४ साली आयोगानंच फेरतपासणी करून शार्लरुआपुरतं रायनएअरला गैरवाजवी फायदा मिळाला नाही असं म्हटलं. तेरा वर्षं गेली. एवढ्या काळात विमान कंपनीचा ताफा कुठल्या कुठं जातो. २००२ च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर बोइंगला गिऱ्हाईक मिळेना तेव्हा, रायनएअरनं १०० विमानं एकदम मागवली होती. ती कुठं ठेवायची याचा लिलाव गावोगावी चालूच होता.

स्ट्रासबुर्ग याच लिलावातलं. २००२ च्या शरदात लंडनची सेवा सुरू झाली आणि स्थानिक चेंबर ऑफ कॉमर्सनं प्रसिद्धीच्या नावाखाली वर्षाला सुमारे १४ लाख युरो द्यायचं कबूल केलं. एअर फ्रान्सची उपकंपनी ब्रिट एअर त्याच शहरातून लंडनला जात होती. ती कोर्टात गेली. २००३ च्या जुलैमध्ये तिथल्या न्यायालयानं करार बेकायदा ठरवला. रायनएअरनं काय केलं? अपिलाची वाट न बघता विमान उचललं आणि ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या बाडेन-बाडेनला नेऊन ठेवलं. दावा जिंकला ब्रिट एअरनं, विमान गेलं गावाचं.

या अनुभवानंतर सौद्याची भाषा बदलली. 'सवलत' हा शब्द मागं पडला, 'मार्केटिंग' पुढे आला. एअरपोर्ट मार्केटिंग सर्व्हिसेस नावाची रायनएअरचीच उपकंपनी. तिच्याकडून विमानतळानं किंवा स्थानिक संस्थेनं रायनएअरच्या संकेतस्थळावर आपल्या गावाची जाहिरात विकत घ्यायची. कागद निराळा, पैसा त्याच खिशात. माँपेलियेला तर पैसे विमानतळानं दिलेच नाहीत, पर्यटन वाढवणाऱ्या एका संघटनेनं दिले. पण तिला पोसणाऱ्या बहुतेक स्थानिक सरकारी संस्था. आयोगानं २०१९ मध्ये ते पांघरूण ओढलं आणि ८५ लाख युरो वसूल करायला सांगितले. त्याआधी २०१४ मध्ये पो, नीम आणि आंगुलेम या तीन फ्रेंच गावांच्या प्रकरणांत मिळून सुमारे एक कोटी युरोंची वसुली लागली होती. माझ्या मते आयोगाची कसोटी चुकीची नाही, फक्त तिला वेळेचं भान नाही. निकाल येईतो विमान आणि नगराध्यक्ष दोघंही बदललेले असतात. आंगुलेमहून तर रायनएअर २०१० मध्येच निघून गेली होती. हानचा विमानतळ २०२१ साली दिवाळखोरीत गेला.

आपल्याकडे हाच व्यवहार सरकारनं उघड्यावर आणला, हे मात्र मान्य करायला हवं. २०१६ ची 'उडान' योजना म्हणजे मार्ग चालवण्यासाठी द्यायच्या पैशाची जाहीर बोली. तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या आसनांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा. तोटा व्हायेबिलिटी गॅप फंडिंगमधून, म्हणजे सरकारी अनुदानातून, भरायचा, त्यातला ८० टक्के वाटा केंद्राचा आणि २० टक्के राज्याचा. लँडिंग आणि पार्किंग माफ. तीन वर्षं त्या मार्गावर दुसऱ्याला मज्जाव. २०१७ च्या एप्रिलमध्ये पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमान उडालं. पण २०२३ च्या कॅग अहवालानं दाखवलं की बोलीच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, आणि तीन वर्षांची मुदत संपल्यावरही तगले ते अवघे ५४. चिपीला विमान उतरल्यावर २०२१ च्या ऑक्टोबरात सिंधुदुर्गात केवढा जल्लोष झाला होता. त्या मुंबई-चिपी सेवेचा करारही तीनच वर्षांचा होता, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात तो संपल्यावर ती सेवा थांबली.

शार्लरुआ मात्र तगलं. २०२४ मध्ये तिथून एक कोटीहून जास्त लोकांनी ये-जा केली, आणि त्यातले बहुसंख्य रायनएअरचे. मग २०२५ मध्ये बेल्जियम सरकारनं विमान प्रवासावरचा कर टप्प्याटप्प्यानं १० युरोंवर न्यायचं ठरवलं, आणि शार्लरुआच्या पालिकेनंही प्रवाशामागे ३ युरोंच्या कराचा प्रस्ताव पुढे केला. ज्या गावात कधीकाळी विमान उतरवायला प्रवाशामागे १ युरो पडत होता, तेच हे गाव. डिसेंबरात रायनएअरचं पत्रक निघालं : तिथली पाच विमानं काढून घेणार.