बागेखालची जमीन: दूषित जागा तपासण्याची पद्धत कशी घडली

पॅरिसमधले ब्युत-शोमाँ उद्यान १८६७ साली लोकांसाठी खुले झाले. त्याआधी तिथे जिप्समच्या खाणी होत्या आणि शहराचा मैला, मेलेली जनावरे टाकण्याची जागा. टेकड्या घडवल्या, तळे केले, झाडे लावली. मातीत काय मुरले आहे ते तपासावे, हे तेव्हा कुणाच्या मनातही आले नाही. पुढची शंभर वर्षे हीच समजूत चालत राहिली: घरे बांधण्यालायक जागा नसेल तर तिथे बाग करावी, वर चार बोटे माती आणि हिरवळ घातली की झाले.

या समजुतीला पहिला मोठा हादरा बागेने नव्हे, वस्तीने दिला. अमेरिकेत नायगारा धबधब्याजवळच्या लव्ह कॅनॉलमध्ये सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला होता. ती जमीन १९५३ मध्ये शाळा मंडळाला एका डॉलरला दिली गेली. तिथे शाळा झाली, शेजारी घरे उभी राहिली. तळघरांमध्ये रसायने झिरपू लागली आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना हलवावे लागले. १९८० मध्ये दूषित जागा साफ करण्यासाठी ‘सुपरफंड’ कायदा आला. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या लेकरकर्क गावात घरांखाली पुरलेली पिंपे सापडली आणि तिथेही मातीसाठी कायदा करण्याची वेळ आली.

बागांच्या बाबतीत मला सगळ्यात बोलके वाटते ते सिएटलच्या गॅस वर्क्स पार्कचे उदाहरण. १९०६ ते १९५६ या काळात तिथे कोळशापासून, नंतर तेलापासून वायू बनत असे. डांबर, तेल आणि काजळी जमिनीत मुरली होती. रचनाकार रिचर्ड हाग यांनी जुनी यंत्रे तशीच उभी ठेवली आणि माती उचलून नेण्याऐवजी तिच्यात सांडपाण्याचा गाळ व लाकडाचा भुसा मिसळला, म्हणजे जिवाणूंनी तेलकट द्रव्ये खावीत. १९७५ मध्ये उद्यान खुले झाले. ही कल्पना काळाच्या कितीतरी पुढची होती. तरीही १९८४ मध्ये तपासणीत डांबरातली घातक रसायने, म्हणजे हायड्रोकार्बन, आढळली आणि उद्यान काही काळ बंद ठेवावे लागले. उपाय आधी झाला होता, नेमकी मोजणी मात्र नंतर झाली.

मोजायचे म्हणजे काय, यावर खरी मेहनत ब्रिटनमध्ये झाली. तिथल्या सरकारी समितीने १९८० च्या दशकात जमिनीच्या वापरानुसार वेगवेगळ्या मर्यादा सुचवल्या. १९८७ च्या आवृत्तीत शिशासाठी घरगुती बागेला एक किलो मातीत ५०० मिलिग्रॅम, तर उद्याने आणि मैदानांना २,००० मिलिग्रॅम ही मर्यादा होती. उद्यान म्हणजे थोडा वेळ फिरायची जागा, हा त्यामागचा हिशेब. पण उद्यानात येणारे सगळेच चालून परत जात नाहीत. लहान मूल गवतात बसते, माती हाताला लागते, हात तोंडात जातो. पायाला लागलेली धूळ घरातही येते.

म्हणून पुढे तपासणीचा पायाच बदलला. नुसते ‘मातीत विष आहे का’ एवढे विचारून भागत नाही. विषाचा स्रोत, ते पोहोचण्याची वाट आणि ज्याच्यापर्यंत ते पोहोचते तो जीव, या तिन्हींची साखळी जुळते का ते पाहावे लागते. एक दुवा तोडला तरी धोका टळतो. २०१४ मध्ये इंग्लंडने मोकळ्या सार्वजनिक जागांचे दोन वेगळे वर्ग केले. घरांना लागून असलेल्या हिरवळीसाठी शिशाची मर्यादा ६३० मिलिग्रॅम ठरली, वस्तीपासून दूरच्या मोठ्या उद्यानासाठी १,३००. आधीच्या २,००० च्या तुलनेत हे आकडे बरेच कमी आहेत, कारण शिशाचे अगदी कमी प्रमाणही मुलांच्या मेंदूला घातक ठरते हे मधल्या काळात स्पष्ट झाले. माझ्या मते, दोन हिरवळींमध्ये केलेला हा फरक या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट आहे.

कचरा डेपोवरच्या बागेत आणखी एक गोष्ट बघावी लागते: वायू. १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या लोस्को गावी बुजवलेल्या कचऱ्यातला मिथेन शेजारच्या घरात शिरून स्फोट झाला. त्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरला होता आणि जमिनीतला वायू बाहेर ओढला गेला. तेव्हापासून वायूची मोजणी एकदाच करून भागत नाही, दाब कमी असलेल्या दिवशीही ती करावी लागते.

जर्मनीत डुइसबुर्गचा लोखंड कारखाना १९८५ मध्ये बंद पडला आणि १९९४ मध्ये पेटर लाट्स यांच्या रचनेनुसार उद्यान झाला. तिथे सगळी माती हलवली नाही. अतिदूषित भाग जुन्या बंकरमध्ये बंद केला, बाकी ठिकाणी झाडोऱ्याला वाढू दिले. दूषित माती जागेवरच ठेवायची असेल, तर आज स्वच्छ मातीच्या थराखाली अनेकदा भडक रंगाचे जाळीदार कापड अंथरतात. पुढे कुणी खड्डा खणला आणि ते कापड दिसले, की फावडे तिथेच थांबवायचे.