समुद्रतळावरचा यांत्रिक हात: निवड, निगा आणि दुरुस्तीला पाठवण्याआधी

आरओव्ही (जहाजावरून केबलने चालवायची, माणूस नसलेली पाणबुडी) आणि माणसे बसून जातात त्या पाणबुड्या, या दोन्हींचे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, हात आम्ही नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये उघडतो, सील बदलतो, व्हॉल्व्ह तपासतो आणि पुन्हा जुळवून देतो. इथे फक्त हाताचे काम होते. पाणबुडीत माणसे बसतात तो गोळा, खिडक्या, बॅटरी यांना आम्ही हात लावत नाही. खोल पाण्याच्या दाबाची चाचणीही आमच्याकडे होत नाही, ती आपल्याला वेगळी करून घ्यावी लागेल.

कोणता हात कशासाठी

कामाच्या आरओव्हीवर बहुधा दोन हात असतात. पाच हालचालींचा हात दणकट असतो. तो पाइप किंवा चौकट घट्ट धरतो आणि यान प्रवाहात हलू देत नाही. सात हालचालींचा हात व्हॉल्व्ह फिरवणे, प्लग बसवणे अशी नाजूक कामे करतो. यान चालवणारा पायलट आपल्यासमोरचा छोटा नमुन्याचा हात वळवतो तसा तो वळतो. मोजताना पंजाची उघडझाप ही एक हालचाल धरतात.

कॅटलॉगमधला वजन उचलण्याचा मोठा आकडा बघून खरेदी करू नका. तो हात जवळ घेतलेला असतानाचा असतो. अंगाजवळ साडेचारशे किलो पेलणारा हात १.९ मीटर पूर्ण लांबवला की सव्वाशेच्या आत येतो. विक्रेत्याला पूर्ण पल्ल्यावरचा आकडा विचारा, आणि हाताचे पाण्यातले वजनही विचारा.

माणसांच्या पाणबुडीत हे वजन जास्तच मोलाचे. आपल्या देशाच्या मत्स्य ६००० मध्ये तीन माणसे २.१ मीटर व्यासाच्या टायटॅनियमच्या गोळ्यात बसून ६,००० मीटरपर्यंत जाणार आहेत. अशा यानात बॅटरी मोजकीच असते आणि हायड्रॉलिक पंप ती भराभर खातो. हाताने दगड उचलला की यानाचा तोल बदलतो. आणि हात दोरात अडकला तर आतल्या माणसांना तो सोडून वर येता आले पाहिजे, म्हणून आणीबाणीत हात यानापासून सुटण्याची सोय लागते. ही सोय जोडलेली आहे का, चालते का, हे प्रत्येक मोहिमेआधी बघा. या एका गोष्टीत आम्ही कुणालाच सूट देत नाही.

तेल, हवा आणि पाणी

पाण्याचा दाब दर १० मीटर खोलीला सुमारे १ बार (साधारण हवेच्या दाबाएवढा) वाढतो, म्हणजे ६,००० मीटरवर ६०० बार. नखाएवढ्या, एका चौरस सेंटिमीटरच्या जागेवर ६०० किलोचा भार. एवढा दाब हाताच्या कवचाने सोसायचा नसतो. आत तेल भरलेले असते आणि कॉम्पेन्सेटर (तेलाचा जादा साठा ठेवणारी, स्प्रिंगने दाबलेली टाकी) त्याचा दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा किंचित जास्त ठेवतो. सील फाटलेच, तर तेल बाहेर जावे, पाणी आत येऊ नये.

पण तेल आकसते. ६०० बारला त्याचे आकारमान साधारण ३ ते ३.५ टक्के कमी होते. थंडीने आणखी घटते: दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांवर भरलेले तेल समुद्रतळाच्या २ अंशांवर गेले की तेवढ्यानेच ३ टक्के कमी होते. दोन्ही मिळून १० लिटरमागे ६०० मिलिलिटरच्या वर तूट. कॉम्पेन्सेटरमध्ये एवढा साठा नसेल तर तो पूर्ण रिकामा होतो आणि पाणी आत शिरायला वाट मिळते. म्हणून आम्ही भरतानाचे तापमान लिहून देतो. त्यात अडकलेली हवा आणखी वाईट: शंभर मिलिलिटरचा बुडबुडा ६०० बारला जवळजवळ नाहीसा होतो, आणि ती जागाही कॉम्पेन्सेटरलाच भरावी लागते. तेल भरताना प्रत्येक सांधा पूर्ण टोकापर्यंत पाच-सहा वेळा हलवा, मग हवा काढा.

पाणी शिरले का, हे डेकवरच कळते. कॉम्पेन्सेटरच्या नळातले पहिले थोडे तेल टाकून द्या, मग स्वच्छ बाटलीत घ्या. दुधाळ दिसले तर पाणी शिरलेच आहे. स्वच्छ दिसले तरी दीडशे अंशांच्या तापल्या पत्र्यावर एक थेंब टाका. फोडणीसारखे तडतडले तर पाणी आहे. (डोळ्याला चष्मा हवा, तेल उडते.)

पाणी सापडले की तेल काढा, गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच स्वच्छ तेल भरून ठेवा. रिकामा ठेवलेला हात आतून गंजतो आणि सर्व्हो व्हॉल्व्हचा (सांध्याला किती तेल जायचे ते ठरवणारा) स्पूल, म्हणजे आतली सरकती दांडी, अडकते. तिथली फट काही मायक्रॉनची असते. आम्ही एनएएस ६ (तेलातले कण मोजून ठरवलेली स्वच्छतेची पातळी) येईपर्यंत तेल फिरवून धुतल्याशिवाय हात परत देत नाही.

लक्षणांवरून

एकच सांधा झटके देतो: बहुधा त्याचा पोझिशन सेन्सर, किंवा कोपराजवळ वाकून वाकून तुटलेली तार. सगळेच सांधे मंद: तेल किंवा पुरवठ्याचा दाब. हुकूम नसताना हात हळूहळू खाली येतो: सील किंवा लॉक व्हॉल्व्ह (सांधा जागच्या जागी धरून ठेवणारा). हे मोजायचे तर हात आडवा पसरा, पंजात माहीत असलेले वजन द्या, टोकापाशी खूण करा आणि १० मिनिटांनी किती मिलिमीटर उतरला ते लिहा. व्हॉल्व्हवर संशय असेल तर दोन सांध्यांचे सारखे व्हॉल्व्ह अदलाबदल करून बघा. दोष व्हॉल्व्हबरोबर गेला तर तोच खराब.

जुनी ओ-रिंग (सीलची रबरी कडी) स्क्रू ड्रायव्हरने उपसू नका. खाचेत ओढलेली एक बारीक चरी नवी रिंगही गळवते. प्लॅस्टिकचा हूक वापरा. टायटॅनियमचे बोल्ट कोरडे घट्ट केले की आटे एकमेकांना चावतात आणि मग बोल्ट कापावा लागतो, अँटीसीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावाच.

पाठवताना

हात गोड्या पाण्याने धुवून, दुमडून, पट्ट्यांनी बांधून लाकडी पेटीत ठेवा. सगळ्या तोंडांना धातूचे प्लग लावा. चिंध्या कोंबू नका, त्यांचे धागे आत जातात आणि फिल्टरमध्ये आम्हाला तेच सापडतात. तेलाच्या नमुन्याची बाटली, वरच्या चाचणीत हात किती मिलिमीटर उतरला, शेवटच्या डाइव्हची खोली आणि किती तास काम झाले, एवढे एका कागदावर लिहून पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवा.