धूळ कोणत्या चाकाखालून उडते?

मे महिन्यात सेलूतल्या जिनिंगचं पटांगण रिकामं असतं. कापसाचा हंगाम संपलेला, गंज्या उचललेल्या. मागं उरतो तापलेला कोबा, कडेकडेनं साचलेली रुई आणि चार-दोन सरकीचे दाणे. माझ्या भाच्याची रिमोटची गाडी तिथं पळते. पळते तीही पाचनंतर, ऊन उतरल्यावर.

मागच्या उन्हाळ्यात त्यानं गाडीवर जुन्या बीएमडब्ल्यू एम ३ ची बॉडी चढवली होती, ई ३० म्हणतात ती चौकोनी, देखणी गाडी. रंग उत्तम, स्टिकर सरळ, चाकं कमानीत नेमकी मधोमध. गाडी सुटली आणि तो कपाळाला आठ्या घालून बघत राहिला. "मामा, काहीतरी चुकू लागलं. धूळ पुढून उडू लागली."

बरोबर होतं त्याचं. खरी ई ३० एम ३ मागच्या चाकांवर चालते, धूळ मागून उडवते. भाच्याची चासी, म्हणजे बॉडीखालचा मोटर-चाकांचा सांगाडा, मात्र पुढच्या चाकांना ताकद देणारी, म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्ह. गंमत म्हणजे मापात काहीच चूक नव्हती. त्या बीएमडब्ल्यूचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसातलं अंतर, साधारण २५६५ मिमी. दहानं भागलं की २५६.५. एक-दशांश मापाच्या टूरिंग, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या गाडीच्या चासीचा व्हीलबेस साधारण २५७ मिमी असतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक! तरीही गाडी खोटी वाटली, कारण ती हललीच खोटी.

मी वाळूजला टूलरूममध्ये काम करतो, डाय आणि साचे हाच माझा धंदा. त्यामुळे खेळण्यातल्या गाडीची बॉडी निवडणं हे स्टिकर निवडण्यापेक्षा बरंच वेगळं काम आहे हे कळायला मला फार वेळ लागायला नको होता. पण लागला.

कुठली गाडी पुढच्या चाकांवर चालते हे बॉनेट न उघडताही बहुतेकदा ओळखता येतं. पुढच्या चाकाची कमान कुठं संपते आणि पुढचं दार कुठं सुरू होतं, मधल्या त्या जागेकडं बघा. बीएमडब्ल्यू थ्री सीरिजमध्ये तिथं चांगला वीतभर पत्रा असतो, कारण इंजिन उभं, लांबीच्या दिशेनं बसवलेलं असतं आणि पुढचा आस शक्य तितका पुढं ढकललेला असतो. स्विफ्टमध्ये दार चाकाला खेटूनच. तिथं इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच शेजारी, आणि सगळा बारदाना पुढच्या आसाच्या आसपास कोंबलेला. ही आडवी मांडणी अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या १९५९ च्या मिनीनं गाजवली. गिअरबॉक्स तर त्यांनी इंजिनाच्या पोटात, तेलाच्या टाकीतच बसवला होता.

तेव्हा पुढच्या चाकांच्या चासीवर पुढच्या चाकांचीच खरी गाडी बसवायची, हा माझा पहिला नियम. मिनी, स्विफ्ट, होंडा सिव्हिक, गोल्फ. आणि आपल्याकडची म्हणाल तर ऑक्टाव्हिया. स्कोडानं २००१ मध्ये शेंद्र्याला ऑक्टाव्हियाची जोडणी सुरू केली. नंतर त्याच कारखान्यात ऑडीही जोडल्या जाऊ लागल्या. आमच्या संभाजीनगरात त्या काळी जालना रोडवर एक तरी नवी ऑक्टाव्हिया दिसल्याशिवाय दिवस जात नसे.

त्या पहिल्या ऑक्टाव्हियाचा व्हीलबेस २५१२ मिमी. दहानं भागून २५१, चासी २५७. सहा मिलिमीटर कुठंतरी जिरवता येतात. टायर तर हुबेहूब जुळतो. १९५/६५ आर १५ या टायरची पूर्ण उंची ६३४ मिमीच्या आसपास येते, आणि टूरिंग गाडीचा रबरी टायर साधारण ६३ मिमीचा. गोची होते ती रुंदीत. ऑक्टाव्हिया १७३१ मिमी रुंद, म्हणजे खेळण्यात १७३ मिमी. चासी चाकांसकट १९०. उरलेले १७ मिमी झाकायला बॉडी बनवणारा मडगार्ड फुगवतो. लांबी-उंची तीच आणि रुंदी जास्त, म्हणून अशी गाडी बेडकासारखी बसकी दिसते. शर्यतीच्या गाड्यांच्या बॉड्या खेळण्यात जास्त खऱ्या वाटतात त्याचं कारण हेच. मुळातली गाडीच रुंद टायरांची आणि जमिनीला टेकलेली असते, त्यामुळे फुगवटा खपून जातो. व्होल्वोनं १९९४ च्या ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत चक्क ८५० ची इस्टेट, म्हणजे मागं लांब डिकीची घरगुती गाडी उतरवली होती. तीही पुढच्याच चाकांची. मला विचाराल तर या चासीवर तिच्याइतकी शोभणारी दुसरी बॉडी नाही. भाच्याला ती शववाहिका वाटते.

आता बॉडी गाडीच्या चालण्यात काय ढवळाढवळ करते ते बघू. घरातला किचनचा काटा घ्या. पुढची दोन चाकं काट्यावर ठेवा आणि मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर. मग उलट करा. आमच्या गाडीचं पुढं ८५० ग्रॅम आलं, मागं ५२०. म्हणजे एकूण १३७० ग्रॅमपैकी ६२ टक्के वजन नाकावर. हे असंच हवं, कारण ज्या चाकांनी ओढायचं त्यांच्यावर वजन पाहिजे. पण गाडी जोरात सुटली की हे वजन मागं सरकतं. बुलेटवर मागं बसणाऱ्याला जो हिसका बसतो, तोच प्रकार. किती सरकतं? एकूण वजन गुणिले वेगवाढ, गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. वेगवाढ गुरुत्वाकर्षणाच्या निम्मी आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ४० मिमी धरला, तर १०७ ग्रॅम पुढून मागं जातात. नेमकी ज्या क्षणी पकड हवी, त्याच क्षणी पुढची चाकं हलकी होतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हाच हिसका फायद्याचा पडतो.

त्यात वळायचं कामही त्याच चाकांचं. एकाच बैलाला मोटेलाही जुंपायचं आणि नांगरालाही. टायरची पकड ठरावीक असते. ती ओढण्यात खर्च झाली तर वळण्यासाठी उरत नाही, आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही गाडी नाकासमोर भिंतीकडं जाते. ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर उलटं होतं, वजन पुढं येतं, मागचं ढुंगण हलकं होऊन बाहेर फिरतं. ही गाडी चालवणाऱ्याचं अर्धं कौशल्य बोट हळू सोडण्यात आहे.

बॉडी जड आणि उंच, तर गुरुत्वमध्य वर. लेक्सन नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची पातळ बॉडी साधारण १२० ग्रॅम भरते. एबीएस प्लास्टिकची, साच्यात ओतलेली टणक बॉडी सहज दुप्पट. हिशोब करून पाहिला तर गुरुत्वमध्य जेमतेम तीनेक मिलिमीटर वर जातो. पटांगणात हौसेनं फिरवायला याचा काही त्रास नाही, उगाच घाबरू नये. पकडीच्या टायरवर जोरात वळलात तर मात्र तेवढ्यानंही गाडी कुशीवर पडते.

हवेचा मामला जास्त गमतीचा आहे. गाडी दहापट लहान केली की तिचं क्षेत्रफळ शंभरपट कमी होतं आणि वजन हजारपट. ऑक्टाव्हिया साधारण १३०० किलोची, तिचं हजारांश १.३ किलो, खेळण्याची गाडी खरोखरच तेवढी भरते. हवा ढकलते क्षेत्रफळाला आणि तग धरतं वजन. म्हणजे त्याच वेगाला, वजनाच्या मानानं, खेळण्याला हवा दहापट जास्त जाणवते. हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि दहाचं वर्गमूळ ३.१६. तेव्हा पटांगणात ३६ किमी वेगानं पळणाऱ्या गाडीला हवा जशी लागते, तशी खऱ्या ऑक्टाव्हियाला समृद्धी महामार्गावर ११४ च्या वेगाला लागेल. हा हिशोब ठोकळ आहे, लहान आकाराभोवती हवा थोडी वेगळी वाहते. पण अंदाज यायला पुरे.

म्हणून मागचा भाग हलका असलेल्या या गाड्यांना डिकीवरचा छोटा स्पॉयलर, म्हणजे हवेच्या जोरावर मागचा भाग दाबून धरणारी पट्टी, नुसता शोभेचा नसतो. आणि मागच्या बंपरच्या आत हवा कोंडून तो पॅराशूटसारखा फुगतो, गाडी मागून उचलते. जाणकार लोक बंपरचा खालचा पट्टा कापून टाकतात. दिसायला ते वाईटच. मी दोन भोकं पाडून त्यावर काळी जाळी लावतो, निम्मं सत्य निम्मी सोय.

लेक्सन म्हणजे पॉलिकार्बोनेट. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हरमान श्नेल यांना आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांना हे प्लास्टिक स्वतंत्रपणे गवसलं. हेल्मेटची काच, सीडी, गोठ्यावरचे पारदर्शक पत्रे, सगळं तेच. हातोडा मारला तरी तडकत नाही, आणि साधारण १४७ अंशांपर्यंत मऊ पडत नाही. मराठवाड्यातला उन्हाळा त्याला पोरखेळ आहे. बंद कारच्या मागच्या काचेखाली ठेवली तर स्टिकरचा गोंद आधी सुटेल. वर्षानुवर्षं उन्हात राहिलं तर पिवळं पडतं, एवढंच.

बॉडी बनते ती निर्वात पद्धतीनं. पत्रा आधी भट्टीत वाळवतात, नाहीतर शोषलेल्या ओलाव्याचे बुडबुडे उठतात. मग तापवून लोळागोळा झाला की साच्यावर टाकायचा आणि खालून हवा खेचून घ्यायची. पत्रा साच्याला चिकटतो खरा, पण जिथं जास्त ताणला जातो तिथं पातळ होतो. सगळ्यात पातळ कुठं होतो? बंपरच्या कोपऱ्यांवर, जिथं गाडी भिंतीला धडकणार असते तिथंच. आतून जाळीची टेप आणि लवचीक गोंद लावून ते कोपरे आधीच भरून घ्यावेत. दुसरं म्हणजे पत्र्याच्या जाडीमुळं साच्यावरची तीक्ष्ण रेघ बाहेर गोलसर उमटते. लेक्सनची बॉडी वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी दिसते ती म्हणून. जाळीतल्या पट्ट्या, दाराच्या खाचा, हेडलाइटच्या कडा धारदार हव्या असतील तर एबीएस घ्या आणि वजन सोसा.

रंग आतून मारायचा. बाहेरचा पृष्ठभाग काचेसारखा राहतो आणि खरचटलं तरी रंग जात नाही. क्रम मात्र उलटा: आधी खिडक्यांवर चिकटपट्टी, मग खिडकीच्या काळ्या रबराच्या कडा, मग मुख्य रंग, शेवटी त्यामागं पांढरा, नाहीतर लाल गाडी उन्हात आरपार दिसते. इथं मी स्वतः माती खाल्ली. मोटरसायकलचा स्प्रे घरात पडलेला होता, म्हटलं रंग तो रंग. पहिल्याच धडकेत पापुद्रे निघाले, कारण बॉडी वाकते आणि तो रंग वाकत नाही. त्याहून वाईट म्हणजे खिडकीवर उडालेला रंग मी थिनरच्या बोळ्यानं पुसला. डोळ्यांदेखत ती पारदर्शक काच दुधाळ झाली, तिच्यात केसासारख्या भेगा पसरल्या. थिनर पॉलिकार्बोनेटला खातं हे टूलरूममधल्या माणसाला माहीत असायला हवं होतं. भाचा काही बोलला नाही. बहिणीकडून कळलं की दोन दिवस तो जेवताना गप्प होता.

त्याची भरपाई म्हणून यंदा मी त्याला मारुती ८०० कबूल करून बसलोय. आपल्या गाड्यांच्या तयार बॉड्या सहसा मिळत नाहीत. २००५ साली आपल्याकडं आलेल्या स्विफ्टचं नशीब चांगलं: तिचा २३९० मिमीचा व्हीलबेस दहानं भागला की २३९, आणि टामिया या जपानी कंपनीच्या लहान एम-चासीची तीन मापं आहेत २१०, २२५ आणि २३९. रॅलीतल्या स्विफ्टची बॉडी टामियानं काढलीही. ८०० चं मात्र अडलं. १९८६ मध्ये रूप बदललेल्या ८०० चा व्हीलबेस २१७५ मिमी, दहाव्या हिश्शानं २१७.५. ना २१०, ना २२५. रुंदी १४४० ची १४४, आणि चासी साधारण १६०. परत बेडूक.

दोन रात्री कागदावर रेघोट्या मारल्यावर सुचलं, की दहाच कशाला? नवानं भागून बघितलं. रुंदी १६०. व्हीलबेस २४१.७, म्हणजे २३९ च्या चासीला जेमतेम पावणेतीन मिलिमीटर जास्त. टायर १४५/७० आर १२, पूर्ण उंची ५०८ मिमी, नवव्या हिश्शानं ५६. एम-चासीचे टायर ५५ मिमीचे मिळतात. उंची १५६ मिमी येते, ती जरा जास्तच, म्हणून छताच्या आत एकही ग्रॅम फुकट लावायचा नाही.

सागवानाचा साचा निम्मा झालाय. राहिले ते पावणेतीन मिलिमीटर. भाच्यानं फोनवर सुचवलं, पुढचं चाक तेवढं मागं घेऊ. मी नाही म्हटलं. चाक आणि पुढचं दार यांच्यात आधीच बोटभर जागा, तिथं कापलं तर ती ८०० राहणार नाही. मागच्या दारातून काढतोय. ते दार तसंही कुणाच्या नीट लक्षात नसतं.