यूएसबीला ‘आत या’ कोण म्हणतं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात डिझाईन रूमचा कॉम्प्युटर मी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेला, तेव्हा मालकांची एकच अट होती: येणाऱ्या-जाणाऱ्याचा पेनड्राइव्ह त्याला लागता कामा नये. मी बूटच्या ओळीत, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्सला मिळणाऱ्या सूचनांत, ‘यूएसबीकोर डॉट ऑथराइज्ड डीफॉल्ट’ शून्य केलं, मशीन पुन्हा चालू केलं आणि लॉगिनच्या पडद्यासमोर बसून राहिलो. टाइप होईना, माउस हलेना. मागून मालक म्हणाले, “सर, पेनड्राइव्ह बंद करा म्हणालो होतो. तुम्ही कीबोर्डच बंद केलात की!”

चूक माझीच. पण त्या शून्यामागचा इतिहास मला तेव्हा ठाऊक असता, तर ती झाली नसती.

यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मधली. त्याआधी प्रिंटरला एक पोर्ट, मोडेमला दुसरं, कीबोर्डला तिसरं, आणि नवीन काही जोडलं की मशीन बंद-चालू करणं आलंच. इंटेलमध्ये या मानकावर काम करणाऱ्यांत बडोद्यात शिकलेले अजय भट्ट होते. जोडलं की चाललं पाहिजे, एवढाच ध्यास. त्यामुळे कॉम्प्युटर जोडलेल्या वस्तूला ‘तू काय काम करतोस’ एवढंच विचारतो. वस्तू म्हणते मी कीबोर्ड, कॉम्प्युटर म्हणतो बरं. ती म्हणते मी डिस्क, तो म्हणतो बरं. ‘तुला आत कुणी घेतलं’ हा प्रश्न या संभाषणात नव्हताच.

त्याची फळं आपण सोलापूरकरांनीही चाखली. २००७-०८ च्या सुमाराला नेट कॅफेत किंवा डीटीपीच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आणला की घरी फोल्डरच्या नावाची ‘ईएक्सई’ फाइल भेटायची. पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालवणारी विंडोजची ऑटोरनची सोय त्या विषाणूंना आयती मिळाली होती. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हपुरती ती बंद केली, जुन्या आवृत्त्यांसाठी फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेट दिलं.

लिनक्स कर्नेलमध्ये, म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्यात, यूएसबीला परवानगी देण्या-नाकारण्याची तरतूद आली ती याच काळात. साहजिकच वाटेल की विषाणूंच्या भीतीने आली असेल. तसं नाही. ती आली वायरलेस यूएसबीमुळे.

वायर जोडायची तर माणूस त्या खोलीत यावा लागतो, हाताने खुपसावी लागते. तेवढ्यावरच सगळा विश्वास उभा होता. वायर गेली की शेजारच्या दुकानातलं उपकरणही तुमच्या कॉम्प्युटरच्या टप्प्यात येतं, मग आधी विचारणं भाग आहे. इंटेलचे इनाकी पेरेझ-गोन्झालेझ हे वायरलेस यूएसबीच्या कर्नेल कोडवर काम करत होते. २००७ मध्ये त्यांनी ही तरतूद लिहिली आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ आवृत्तीत ती दाखल झाली. तिची रचना अगदी साधी आहे. प्रत्येक उपकरणाच्या नावाने सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नेल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे, ‘ऑथराइज्ड’ नावाची फाइल दिसते. तिच्यात १ लिहिलं तर उपकरण चालतं, ० लिहिलं तर थांबतं. प्रत्येक यूएसबी कंट्रोलरला ‘ऑथराइज्ड डीफॉल्ट’ ही वेगळी फाइल आहे. नव्या पाहुण्याशी मुळात कसं वागायचं, ते ती ठरवते.

नाकारलेलं उपकरण अदृश्य होत नाही, हे इथे महत्त्वाचं. कर्नेल त्याची ओळख वाचतो, यादीत नाव घालतो, पण त्याचं कॉन्फिगरेशन (काम करण्याची मांडणी) निवडत नाही, म्हणून उपकरण चालवणारा ड्रायव्हर त्याला हात लावत नाही. दारात उभं करून नाव-गाव लिहून घ्यायचं, पण उंबरा ओलांडू द्यायचा नाही, असा प्रकार. या तरतुदीसोबतच्या टिपणात पेरेझ-गोन्झालेझ यांनी कुलूपबंद यंत्रणेचं एक नमुना उदाहरण दिलं आणि स्वतःच त्याची कमजोरी सांगून टाकली: उपकरण कोणत्या वर्गाचं म्हणून सांगतं एवढंच तपासणं ही सर्वांत वाईट पडताळणी आहे. असा प्रामाणिकपणा तांत्रिक टिपणात क्वचित सापडतो.

बूटच्या ओळीतल्या डीफॉल्टचा न विचारता मिळणारा आकडा होता -१. अर्थ असा, की वायरवाल्याला होकार, बिनवायरच्याला नकार. पुढे वायरलेस यूएसबी बाजारात चाललंच नाही. २०१९ मध्ये कर्नेलने तो कोड अडगळीच्या ‘स्टेजिंग’ विभागात टाकला, २०२० मध्ये काढूनच टाकला. आता -१ आणि १ यांत फरक उरलेला नाही. घर पाडलं, ओसरी तेवढी राहिली. आणि पुढची सगळी वर्दळ त्या ओसरीवरच झाली.

कारण ऑगस्ट २०१४ मध्ये लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी ‘बॅडयूएसबी’ दाखवलं. त्यांनी पेनड्राइव्हच्या आतल्या चिपचं फर्मवेअरच (चिपमध्ये बसवलेला प्रोग्रॅम) बदललं. मग पेनड्राइव्ह सांगू लागला की मी कीबोर्ड आहे, आणि आपणहून हुकूम टाइप करू लागला. फाइल तपासणाऱ्या अँटीव्हायरसला इथे कामच नाही.

हे समजून घ्यायला सोलापुरात लांब जावं लागत नाही. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये जकार्डने जो माग केला, त्याला नक्षी सांगायची ती भोकं पाडलेल्या कार्डांच्या साखळीतून. भोक असेल तर सुई पुढे, नसेल तर मागे. आपल्या चादरीवरची फुलं-मोर अशाच कार्डांवरून उतरत आले. कार्ड बदललं तर नक्षी बिघडेल, फार तर माल वाया जाईल. कार्ड कधी ‘मी कारागीर आहे’ असं म्हणणार नाही. इलेक्ट्रॉनिक जकार्डवर तीच नक्षी आता पेनड्राइव्हने येते, आणि पेनड्राइव्ह कार्डासारखा मुका नसतो. त्याच्या पोटात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. सगळी गोम तिथे आहे.

बॅडयूएसबीनंतर पुढच्याच वर्षी रेड हॅट या लिनक्स कंपनीतल्या डॅनिएल कोपेचेक यांचा ‘यूएसबीगार्ड’ आला. तो कर्नेलच्या त्याच जुन्या फाइली वापरतो, फक्त १ की ० ते नियमांच्या यादीवरून ठरवतो. कर्नेलनेही ४.४ आवृत्तीपासून उपकरणातल्या एकेका इंटरफेसला वेगळी परवानगी देण्याची सोय केली. म्हणजे वेबकॅम चालू द्यायचा, पण त्यातला माइक नाही.

माझ्या कामाचा बदल मात्र २०१९ मधला. डीफॉल्टला २ हा आकडा मिळाला: मशीनच्या आत कायम जोडलेल्या उपकरणांना होकार, बाहेरून खुपसलेल्यांना नकार. आतलं कोणतं, बाहेरचं कोणतं, हे कर्नेलला एसीपीआयच्या, म्हणजे मशीनचं फर्मवेअर हार्डवेअरची माहिती देतं त्या, तक्त्यांतून कळतं. जिथे तो तक्ता नाही, तिथे २ म्हणजे ०. हल्ली हा आकडा कर्नेल बांधतानाच ठरवता येतो आणि बूटच्या ओळीतून बदलताही येतो. तिथेही न विचारता मिळणारा आकडा १ च आहे.

सुरक्षावाल्या मंडळींना हा १ खुपतो. मला तो बरोबर वाटतो. शून्य ठेवलं तर ‘हो’ म्हणणार कोण? ‘हो’ म्हणायला कीबोर्ड लागतो आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरचा कीबोर्डच यूएसबीचा. अॅपलने २०२२ मध्ये मॅकओएस व्हेंचुरात नवं उपकरण जोडताना विचारायला सुरुवात केली, तीही स्वतःच्या चिपच्या लॅपटॉपवर. तिथे उत्तर द्यायला अंगचा कीबोर्ड असतो.

डिझाईन रूममध्ये त्या दिवशी मला वाचवलं ते ग्रबने, म्हणजे कर्नेलला उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने. ग्रबच्या वेळी कर्नेल उठलेला नसतो, कीबोर्ड मशीनचं फर्मवेअर सांभाळतं, त्यामुळे तिथे टाइप होतं. ओळ दुरुस्त केली, डीफॉल्ट पुन्हा १ केला आणि वर यूएसबीगार्ड बसवला. जोडलेला कीबोर्ड, माउस आणि जकार्डच्या डिझाईनचा एक पेनड्राइव्ह, एवढ्यांची यादी त्याच्याकडूनच करून घेतली.

तीन आठवड्यांनी मालकांचा फोन. “सर, कीबोर्ड परत चालंना झालाय.” टेबल पुसताना पोराने तो काढून शेजारच्या भोकात लावला होता. यूएसबीगार्ड यादी करतो तेव्हा ज्या उपकरणाला सिरियल नंबर नसतो, त्याचा नियम पोर्टला बांधून टाकतो, आणि साध्या कीबोर्डांना सिरियल नंबर बहुधा नसतोच. मी म्हणालो, “आधी होता त्याच भोकात लावा.” पलीकडून खुडबूड ऐकू आली, मग मालकांचा आवाज: “लागला. आता त्या भोकावर पेंटने खूण करून ठेवतो.”