संपृक्त मेद किती, आणि त्याच्या जागी काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दिवसभरात आहारातून मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी संपृक्त मेदाचा, म्हणजे सॅच्युरेटेड फॅटचा, वाटा १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. रोज २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी हा वाटा २०० किलोकॅलरींचा होतो, आणि एक ग्रॅम मेदातून ९ किलोकॅलरी मिळत असल्याने ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅमची ठरते.

आता हे २२ ग्रॅम स्वयंपाकघरात मोजून पाहू. वरण-भातावर आणि पोळीला मिळून दोन चहाचे चमचे साजूक तूप घेतले, तर त्यातून सुमारे ६ ग्रॅम संपृक्त मेद मिळतो. भाजी-आमटीला वापरलेल्या शेंगदाणा तेलापैकी एका माणसाच्या वाट्याला २५ ग्रॅम येते असे धरल्यास त्यातून आणखी चार-पाच ग्रॅम येतात. मोठा आकडा मात्र दुधाचा असतो. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो आणि त्यातला जवळपास दोन तृतीयांश भाग संपृक्त असतो. त्यामुळे चहा, दही आणि रात्रीचे दूध मिळून अर्धा लिटर दूध पोटात गेले, तर एकट्या दुधातूनच १९ ग्रॅमच्या आसपास संपृक्त मेद येतो आणि दिवसाची बेरीज ३० च्या घरात पोहोचते. घराघरांत वाद होतात ते तुपावरून. दुधाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. दूध-दह्यातल्या मेदाचा परिणाम लोण्याइतका वाईट नसावा असे काही निरीक्षणांतून दिसते, हे खरे. तरीही आकडा लक्षात ठेवलेला बरा.

या मर्यादेमागचे कारण यकृतात आहे. रक्तातले एलडीएल कण, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, टिपून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) यकृताच्या पेशींवर असतात (त्यांच्या शोधासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले). संपृक्त मेद वाढला की या ग्राहकांचे काम मंदावते, एलडीएल रक्तात साचते आणि वर्षानुवर्षे धमन्यांच्या भिंतींत शिरत राहते. सगळी संपृक्त मेदाम्ले मात्र सारखी नसतात: पामिटिक, मायरिस्टिक आणि लॉरिक आम्ले एलडीएल वाढवतात, तर स्टिअरिक आम्लाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

खरा गुंता पुढे आहे. संपृक्त मेद कमी केल्यावर पोट कशाने तरी भरावेच लागते, आणि निष्कर्ष त्या ‘कशाने तरी’वर अवलंबून असतो. अमेरिकेतल्या परिचारिका व आरोग्य-व्यावसायिकांच्या दीर्घकालीन नोंदींवर आधारलेल्या २०१५ च्या विश्लेषणात, संपृक्त मेदातून येणाऱ्या ५ टक्के ऊर्जेच्या जागी बहुअसंपृक्त मेद (पॉलिअनसॅच्युरेटेड फॅट, जो सूर्यफूल किंवा मक्याच्या तेलात भरपूर असतो) घेणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळला. मैदा आणि साखर घेणाऱ्यांत तो कमी झालाच नाही. म्हणजे तूप सोडून चहाबरोबर बिस्किटे वाढवणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. दुसऱ्या बाजूने, १९६८ ते १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात झालेल्या प्रयोगात संपृक्त मेदाच्या जागी दिलेल्या मक्याच्या तेलाने कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यू घटले नाहीत, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुन्या नोंदींवरून दिसते. एवढ्यावरून संपृक्त मेद निरुपद्रवी ठरत नाही. पण त्याला सर्व रोगांचे मूळ ठरवणे हेही विज्ञानाला धरून नाही.

खोबरेल तेलाविषयी मात्र हल्ली जो उत्साह दिसतो, तो मला पटत नाही. त्यात ८० टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त असतो, आणि २०२० मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत त्याने एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढवलेले आढळले. कोकणातली ओल्या खोबऱ्याची आमटी मासे, भात आणि कुळथाच्या पिठीबरोबर जेवली जाते. सकाळी कॉफीत चमचाभर खोबरेल घालून पिणे ही वेगळी गोष्ट आहे.

न दिसणारा मेद येतो तो फरसाण, खारी, टोस्ट आणि बिस्किटांतून. त्यांत बहुधा पामतेल असते आणि पामतेलातला जवळपास अर्धा मेद संपृक्त असतो. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटचे, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक मेदाचे, प्रमाण २०२२ पासून कायद्याने २ टक्क्यांवर आणले आहे; पामतेलाला असा लगाम नाही.

ज्यांचे एलडीएल वाढलेले आहे, त्यांना अमेरिकन हार्ट असोसिएशन ६ टक्क्यांच्या आत राहायला सांगते, म्हणजे साधारण १३ ग्रॅम. अर्धा लिटर डबल टोन्ड दूध, तेवढेच शेंगदाणा तेल आणि एक चमचा तूप त्यात जेमतेम बसते. बिस्किटांना जागा उरत नाही.