आठ तासांची चळवळ, अमेरिकेतील

कामाचा दिवस आठ तासांचा असावा या मागणीसाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिलेली कामगार चळवळ. १८८६ चा देशव्यापी संप आणि त्यातून उद्भवलेले शिकागोचे हेमार्केट प्रकरण यांमुळे ती जगभर माहीत झाली.

तिच्या आधी दहा तासांचा लढा झाला. उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबण्याच्या रिवाजाविरुद्ध फिलाडेल्फियाच्या सुतारांनी १८२७ मध्ये संप केला. त्याच शहरात १८३५ मध्ये निरनिराळ्या धंद्यांतील कामगार एकत्र आले. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा आणि मध्ये जेवणाचे दोन तास, अशी त्यांची मागणी होती. संघराज्याच्या सार्वजनिक बांधकामांवर दहा तासांचा दिवस राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरन यांनी १८४० मध्ये लागू केला. लोवेलच्या कापडगिरण्यांतील तरुण स्त्रियांनी सॅरा बॅगली यांच्या पुढाकाराने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज धाडले. त्या राज्यात स्त्रियांसाठी दहा तासांचा कायदा होण्यास १८७४ उजाडले.

आठ तासांच्या मागणीला तात्त्विक बैठक दिली ती बॉस्टनचा यंत्रकारागीर आयरा स्टुअर्ड याने. मजुरी ही कामगाराच्या राहणीवर आणि गरजांवर ठरते, असे त्याचे म्हणणे होते. रिकामा वेळ मिळाला की माणूस वाचतो, चार लोकांत मिसळतो, त्याच्या गरजा वाढतात आणि त्यांच्या मागोमाग मजुरीही वाढते. म्हणून तास कमी करताना मजुरी कापू नये, हा या चळवळीचा गाभा होता आणि पुढचे बहुतेक कायदे नेमके याच मुद्द्यावर अडले.

इलिनॉय राज्याचा कायदा १ मे १८६७ रोजी अंमलात आला. ‘वेगळा करार नसल्यास’ दिवस आठ तासांचा, अशी त्याची शब्दयोजना असल्याने मालकांनी जुन्याच तासांचा आग्रह धरला आणि त्याविरुद्ध त्या राज्यातील शिकागोत झालेला संप मोडून पडला. संघराज्याने १८६८ मध्ये आपल्या मजूर व कारागिरांसाठी आठ तासांचा कायदा केला, पण त्यात मजुरीविषयी अक्षर नव्हते. काही खात्यांनी दहाचे आठ तास झाले म्हणून मजुरीचा पाचवा हिस्सा कापला. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना १८६९ मध्ये मजुरी न कापण्याचा जाहीरनामा काढावा लागला. पुढे १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्टिन खटल्यात हा कायदा म्हणजे सरकारने आपल्या अधिकाऱ्यांना दिलेली सूचना असल्याचे ठरवले. जादा तासांची मजुरी मागण्याचा आधार त्यामुळे कामगाराच्या हाती उरला नाही. विधिमंडळांवरील कामगारांचा विश्वास उडाला तो अशा अनुभवांनी.

संघटित धंदे व कामगार संघांच्या महासंघाने १८८४ च्या शिकागो अधिवेशनात ठराव केला, की १ मे १८८६ पासून आठ तास हाच कायदेशीर दिवस मानावा. हीच तारीख का, याबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते १८६७ च्या शिकागोतील दिवसाची ती आठवण असावी. काही जण युरोपातील वसंतोत्सवाशी तिचा संबंध जोडतात. बांधकामाचा हंगाम आणि त्या धंद्यातील वार्षिक करार १ मेच्या सुमारास सुरू होत, असे तिसरे स्पष्टीकरण आहे. ठराव मांडणारा गॅब्रिएल एडमन्स्टन हा सुतारांच्या संघटनेचा होता, हे ध्यानात घेता हे शेवटचे मत अधिक जवळचे वाटते. वसंतोत्सवाचा संबंध बहुधा मागाहून जोडला गेला असावा.

त्या काळची सर्वांत मोठी संघटना ‘नाइट्स ऑफ लेबर’ हिचे प्रमुख टेरेन्स पाउडरली या संपाला अनुकूल नव्हते. तरी तिच्या अनेक स्थानिक शाखा त्यात उतरल्या. देशभरात सुमारे तीन ते साडेतीन लाख कामगार सहभागी झाले असावेत.

शिकागोत ३ मे रोजी मॅकॉर्मिक या शेतीयंत्रांच्या कारखान्यासमोर पोलिसांच्या गोळीबारात कामगार मारले गेले. त्याच्या निषेधार्थ ४ मेच्या रात्री हेमार्केट चौकाजवळ सभा झाली. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः सभेला येऊन, ती शांततेत चालल्याचे पाहून परतले होते. त्यानंतर पोलिसांची तुकडी सभा उठवण्यास आली आणि बाँब पडला. बाँब व त्यानंतरचा गोळीबार यांत सात पोलीस आणि किमान चार नागरिक मरण पावले. बाँब कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही. रुडॉल्फ श्नॉबेल्टवर दीर्घकाळ संशय होता, परंतु तो बळकट पुराव्यावर उभा नाही. आठ अराज्यवाद्यांवर (राज्यसंस्थाच नको असे मानणाऱ्यांवर) खटला चालला. ऑगस्ट स्पाइस, अल्बर्ट पार्सन्स, अडॉल्फ फिशर व जॉर्ज एंगल यांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी दिली. लुई लिंगने आदल्या दिवशी तुरुंगात जीव दिला. खटला तत्कालीन कायद्याला धरूनच होता, असे मत अलीकडे मांडले गेले आहे. परंतु ज्युरी पूर्वग्रहदूषित असल्याचा निष्कर्ष काढून इलिनॉयचे गव्हर्नर जॉन अल्टगेल्ड यांनी १८९३ मध्ये उरलेल्या तिघांना मुक्त केले, त्याची कारणे आजही पटण्यासारखी आहेत.

हेमार्केटनंतरच्या दहशतीत १८८६ मध्ये मिळालेल्या बऱ्याच सवलती मालकांनी परत घेतल्या. त्याच वर्षी सॅम्युएल गॉम्पर्स यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरने १८९० चा १ मे हा पुढच्या उठावाचा दिवस ठरवला. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेने १८८९ मध्ये तोच दिवस स्वीकारला. महाराष्ट्रात राज्यस्थापनेच्या दिवशीच पाळला जाणारा कामगार दिन याच परंपरेतला. अमेरिकेत मात्र १८९४ च्या कायद्याने कामगार दिन म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुटी मिळाली.

पुढील यश धंद्यागणिक आले : कोळसा खाणींच्या मध्यवर्ती पट्ट्यात १८९८ मध्ये, रेल्वेत १९१६ च्या ॲडमसन कायद्याने. युटा राज्यातील खाणींचा आठ तासांचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये मान्य केला, तर बेकरी कामगारांना दहा तासांची मर्यादा घालणारा न्यूयॉर्कचा कायदा १९०५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी रद्द ठरवला. पोलाद कारखान्यांतील बारा तासांची पाळी १९२३ पर्यंत टिकली.

न्याय्य श्रममान कायदा (१९३८) दिवसाला मर्यादा घालत नाही. तो आठवड्याचे तास मोजतो : प्रथम ४४, मग ४२ आणि १९४० पासून ४०, त्यापुढील कामाला दीडपट मजुरी. शेतमजूर व घरकामगार यांना त्यातून वगळले होते, आणि दक्षिणेत या कामांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा होता. घरकामगारांना १९७४ मध्ये संरक्षण मिळाले. शेतमजुरांना संघराज्याच्या कायद्याने दीडपट मजुरीचा हक्क अजूनही दिलेला नाही.